पावसाळ्यातला फिंगरबोर्ड

जून लागला की सह्याद्रीचा कातळ आम्हा प्रस्तरारोहकांसाठी बंद होतो. बेसॉल्टमधून पाणी झिरपत राहतं, शेवाळ धरतं, आणि एरवी हमखास मिळणारी पायाची पकडच दगा देते. चार महिने बोटांना काम मिळालं नाही, तर ऑक्टोबरात तैलबैलाच्या कातळभिंतीवर पहिल्या काही फुटांतच ते कळतं. म्हणून मागच्या पावसाळ्यात घरीच फिंगरबोर्ड, म्हणजे बोटांनी लटकून सराव करायची खाचांची फळी, करायचं ठरवलं.

शेजारच्या गल्लीत वाडा पाडत होते. तिथून पाच बाय तीन इंची सागवानी चौकटीचा दोन फुटांचा तुकडा मिळाला. लाकूड मला रेझिनच्या, म्हणजे कृत्रिम राळेच्या, बोर्डपेक्षा आवडतं: कातडीला सोसतं, आणि थोडा घामही शोषून घेतं. सुतारकाकांनी आधी त्यावर लोहचुंबक फिरवलं. दोन ठिकाणी मोडके खिळे निघाले. राउटर, म्हणजे लाकडात खाचा पाडायचं यंत्र, त्यावर गेला असता तर पातं तुटून उडालं असतं. मग ३५, २५ आणि २० मिलिमीटर खोलीच्या खाचा पाडल्या.

खरी मेहनत खाचांच्या कडांना लागली. धार राहिली तर कातडी फाटते, आणि गोलाई जास्त झाली तर बोटं घसरतात. पुठ्ठ्यावर ८ मिलिमीटर त्रिज्येची कमान कापून घेतली आणि तिच्या मापाने आधी कानस, मग पॉलिश पेपर, असं तीन संध्याकाळी घासत बसले. काका म्हणाले, "ताई, आता एक हात पॉलिश मारून देतो, चकाकेल बघा." त्यांना बोटं टेकवून दाखवली तेव्हा पटलं, की इथे चकाकी नकोच.

बसवताना मात्र चुकले. खिडकीशेजारच्या विटांच्या भिंतीत प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकून बोर्ड लावला. पहिल्याच लटकण्यात प्लॅस्टरसकट खाली आला. पाय जमिनीपासून वीतभर होते आणि खाली गादी होती, म्हणून निभावलं. दुसऱ्या खेपेला बोहरी आळीतून अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट, आणले, हॅमर ड्रिल भाड्याने घेतलं आणि दाराच्या वरच्या काँक्रीटच्या लिंटेलमध्ये बोर्ड पक्का केला. मी आणि मैत्रीण दोघी एकदम लटकलो, तेव्हाच विश्वास बसला.

सुरुवातीला एक पाय खुर्चीवर ठेवून वजन कमी करायचे. १० सेकंद लटकणं, तीन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोनच दिवस. स्नायू लवकर तयार होतात, पण बोटांतल्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे फार सावकाश. घाई केली तर हेच पट्टे फाटतात आणि मोसम हातचा जातो. नवख्यांना तर मी सांगेन, अजून वर्षभर फक्त चढा.

त्याच पावसात आईच्या शिलाई मशिनवर जुन्या जीन्सच्या पायाची चॉक बॅग, म्हणजे हाताचा घाम टिपणाऱ्या पुडीची पिशवी, शिवली, आत फाटक्या स्वेटरचं अस्तर लावलं. सुती मोज्यात तीच पूड, मॅग्नेशियम कार्बोनेट, भरून गाठ मारली, चॉक बॉल तयार! ते पाहून एका मित्राने टेपची स्लिंग, म्हणजे चढाईत आधाराला वापरायचा मजबूत पट्टीचा फास, शिवून मागितली. मी नाही म्हटलं. बाजारातल्या शिवलेल्या स्लिंगवर २२ किलोन्यूटन लिहिलेलं असतं, म्हणजे सव्वादोन हजार किलोंच्या आसपास. माझ्या टाक्यांची ताकद कोण तपासणार? ज्या वस्तूवर पडणाऱ्याचा जीव थांबतो, ती घरी करायची नाही. निवृत्त केलेला दोरसुद्धा मी आधी तुकडे करूनच घरात आणते, चुकून कुणी तो चढाईला नेऊ नये म्हणून. त्यातल्या दोन तुकड्यांवर आता कपडे वाळतात, बाकीच्याचं पायपुसणं विणलं.

दसऱ्याला दोर, हार्नेस, कॅरॅबिनर पाटावर मांडून पूजा केली. दाराला तोरण बांधायला आई स्टुलावर चढली आणि तिथे आता बोर्ड आहे हे तिच्या लक्षात आलं. क्षणभर थांबली, मग झेंडूचं तोरण तिने बोर्डलाच बांधलं.