कोकरू पाळताना

आईविना वाढणाऱ्या कोकराला जन्मानंतर पहिल्या काही तासांतच चीक मिळायला हवा, कारण त्यातून येणारी रोगप्रतिकारशक्ती शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता २४ तासांत जवळजवळ संपते. पुढे बाटलीने दूध पाजताना त्याला उभे ठेवून मान किंचित वर राहू द्यावी. उताणे धरून पाजल्यास दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शेपटी भराभर हलू लागली की स्वारी खुशीत आहे असे समजावे.

गाईगुरांचा खुराक मेंढीला घालू नये, कारण त्यातील तांबे तिच्या यकृतात साठून जिवावर बेतू शकते. एकटेच कोकरू पाळणे मला तर क्रूरपणाचे वाटते. कळपातला जीव तो, निदान जोडी हवी. नराचे लाड मात्र बेताने करावेत (कपाळ चोळण्याचा मोह आवरावाच), कारण माणसाची भीड चेपलेला मेंढा वयात आल्यावर धडक मारायला मागेपुढे पाहत नाही.