वाशी ते ऐरोली होडीने: फ्लेमिंगो, ओहोटी आणि काळे पडणारे प्लग

वाशी पुलापासून ऐरोली पुलापर्यंत ठाणे खाडीचा पट्टा सुमारे १० किलोमीटरचा. होडी उथळ तळाची, मागे १५ अश्वशक्तीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायचे इंजिन. भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधी निघालो की पाणीच वर नेते आणि ऐरोलीहून वळताना ओहोटी लागलेली असते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी कमी चढते, तेव्हा मधले पात्र सोडू नये. खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. वनविभागाची परवानगी आधीच काढून ठेवा.

पाणी उतरू लागले की उघड्या चिखलावर फ्लेमिंगो चरायला उतरतात. मग तासभर इंजिन अगदी मंद चालवावे लागते, आणि इंजिनाला खरा त्रास इथेच होतो. मंद गतीत स्पार्क प्लगचे टोक पुरेसे तापत नाही, तेलाचा काळा ओला थर जळून जात नाही आणि ठिणगी त्या थरावरूनच निसटते. आवाज फाटतो, होडी थरथरते: एक सिलिंडर गेला. उपाय सोपा आहे. अधूनमधून पक्ष्यांपासून लांब, खोल पात्रात दोन-तीन मिनिटे अर्ध्या थ्रॉटलला चालवायचे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलातच तेल मिसळतात; मिश्रण ५०:१ असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिली तेल पुरे. ‘थोडं जास्त बरं’ म्हणून ओतलेले तेल प्लगवरच बसते.

निघण्याआधी प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी चांगला, काळा-ओला म्हणजे तेल जास्त किंवा ठिणगी कमजोर, पांढराफटक म्हणजे इंजिन तापते आहे. तसे असेल तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार आधी तपासा, खाडीचा चिखल पाण्याची जाळी बुजवतो. बी७एचएस-१० प्रकारच्या प्लगला फट ०.९ ते १.० मिमी, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून. नवा प्लग हाताने बसेल तितका फिरवायचा, मग २१ मिमीच्या पान्याने अर्धा फेरा. ॲल्युमिनियमचे आटे जास्त जोर सहन करत नाहीत.

वाटेत इंजिन बंद पडले तर आधी एवढेच पाहा: एक सिलिंडर गेला की दोन्ही? एकच असेल तर प्लगांची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. जागीच राहिला तर प्लगची टोपी किंवा वायर. टोपी पिळून काढली की तांब्याचे टोक बहुधा हिरवे दिसते. ५ मिमी कापून टोपी पुन्हा पिळून बसवायची आणि आत थोडे डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारे) ग्रीस. दोन्ही एकदम गेले तर सीडीआयवर (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर) संशय घेण्याआधी मनगटाला बांधायच्या, निसटली की इंजिन बंद करणाऱ्या दोरीची क्लिप जागेवर आहे का, ते बघा. ती असेल तर स्टॉप स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) वायर सोडून स्टार्टरची दोरी ओढा. ठिणगी परत आली तर स्विचच्या आत खारे पाणी शिरून तो करंट कायम अर्थला, म्हणजे इंजिनाच्या धातूत देतो आहे. अशा स्थितीत परत येता येते, पण इंजिन बटणाने बंद होत नाही. चोक ओढावा लागतो. आणि पाण्यात पडल्यावर इंजिन थांबवणारी दोरीही निकामी असते, म्हणून हळूच या.

ठिणगी तपासताना पेट्रोलची नळी काढलेली हवी आणि प्लग ब्लॉकला घट्ट टेकवून, प्लगच्या उघड्या भोकापासून लांब धरावा. वायर हवेत लोंबकळत ठेवून दोरी ओढली तर सीडीआय जळू शकते, आणि तिची किंमत प्लगांच्या कितीतरी पट आहे.

सोबत दोन नवे प्लग, एक टोपी, २१ चा पाना, कोरडे फडके आणि पॉलिश पेपर घ्या. अर्थ वायरच्या बोल्टखालचा गंज त्यानेच खरवडता येतो. परतल्यावर इंजिनातून १० मिनिटे गोडे पाणी फिरवा. कव्हरच्या आत मात्र पाइप मारू नका, ओले फडके फिरवून कव्हर उघडेच वाळत ठेवा.