तुम्ही विचारलंत म्हणून: ‘नुसती सही’ म्हणजे किती रुपये?

‘पतसंस्थेच्या कर्जाला नुसती सही हवी आहे म्हणतात. राहू का जामीन?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. त्यावर माझा उलट प्रश्न असतो: सही कोणत्या शब्दाखाली करायची आहे? मागणारा ‘जरा पाठीशी उभा राहा’ एवढंच सांगतो. किती पैशांना उभं राहायचं, हे कागदावर छापलेला शब्द ठरवतो.

‘साक्षीदार’ असेल तर समोरच्याने तुमच्या देखत सही केली, एवढीच तुमची ग्वाही. पैशाची जबाबदारी शून्य. ‘सहकर्जदार’ असेल तर कर्ज तुमचंच, पहिल्या हप्त्यापासून. आणि ‘जामीनदार’ किंवा ‘हमीदार’ असेल तर भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 128 लागू होतं: करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. मुद्दल, व्याज, दंडव्याज, वसुलीचा खर्च, सगळं त्यात आलं.

‘आधी त्याची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या’ असं जामीनदाराला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. तरी लोक याच समजुतीवर सह्या करतात.

दुसरी समजूत ‘दोघे जामीन, म्हणजे निम्मं निम्मं’ अशी. कर्जरोख्यात ‘संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या’ असे शब्द असतात, ते सावकाश वाचा. समजा 3 लाख 60 हजार थकले. एक जामीनदार पगारदार आहे, दुसऱ्याचं उत्पन्न अनियमित. संस्था सगळी रक्कम पगारदाराकडून घेऊ शकते, कारण तिथून वसुली सोपी. पगारदारांच्या पतसंस्थांमध्ये पगारकपातीची संमती आधीच लिहून घेतलेली असते. दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचे 1 लाख 80 हजार कलम 146 प्रमाणे मागता येतात, पण ती वसुली तुमची तुम्ही करायची.

महाराष्ट्रात सहकारी संस्थेला दिवाणी दावाही लावावा लागत नाही. सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो. त्यात कर्जदाराबरोबर जामीनदारांचीही नावं असतात. मग वसुली अधिकारी जप्ती आणि लिलावापर्यंत जाऊ शकतो. नोटीस आली की पुष्कळ जण ‘कर्ज त्याचं आहे, तो बघेल’ म्हणून सुनावणीला जात नाहीत. तिथेच घात होतो. रक्कम चुकली असेल, सही तुमची नसेल, तर ते मांडायची जागा तीच. दाखला निघाल्यावर कलम 154 खाली पुनरीक्षण (म्हणजे त्या आदेशाची वरच्या पातळीवर फेरतपासणी) मागायचं तर साधारणपणे येणे रकमेच्या 50 टक्के आधी भरावे लागतात.

माणसाऐवजी वस्तू उभी केली की शब्द बदलतात. सोनं संस्थेच्या तिजोरीत जातं ते तारण. घर-जमिनीवर गहाणखत होतं. गाडी तुमच्याच दारात उभी राहते आणि आरसी बुकात बँकेचं नाव लागतं ते नजरगहाण. कर्ज फिटल्यावर बँकेच्या ना-हरकत पत्रासह आरटीओत फॉर्म 35 दिला नाही तर ते नाव तसंच राहतं.

साखर कारखान्यांच्या कर्जाला राज्य सरकार थकहमी (कर्ज थकलं तर भरण्याची हमी) देतं, तेव्हा रक्कम आणि अटी ठरवून देतं. मग तुम्हीही तसंच मागा. ‘रुपये 2 लाखांपर्यंतच’ अशी मर्यादा जामीनपत्रातच लिहून घेता येते. संस्था कबूल होत नसेल तर विचार करायला तेवढं कारण पुरे. कोरी जागा ठेवून सही करू नका. मंजुरीपत्राची प्रत घ्या. ‘मुदतवाढ, पुनर्गठन किंवा व्याजदरातील बदलास माझी संमती राहील’ हे वाक्य शोधा. तुमच्या संमतीवाचून अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारांतून सुटण्याचा हक्क करार अधिनियमाचं कलम 133 देतं, आणि या एका ओळीने तो तुम्ही आधीच सोडून देता.

कॅश क्रेडिटला (ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा पैसे काढायचं, भरायचं धंद्याचं कर्जखातं) जामीन राहणं सगळ्यात जोखमीचं, कारण खात्यात पैसे येत-जात राहतात आणि हमी चालूच असते. ती पुढच्या व्यवहारांपुरती काढून घेता येते, पण करारातली अट पाहून आणि लेखी नोटीस देऊन, पोच घेऊन. धंद्यातली भागीदारी किंवा संचालकपद सोडलं म्हणून वैयक्तिक हमी आपोआप सुटत नाही.

आणि भरावेच लागले, तर पावतीवर ‘जामीनदार या नात्याने भरले’ असं लिहून घ्या, पैसे स्वतःच्या खात्यातून चेकने द्या. सगळं येणं फेडल्यावर संस्थेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क आणि तिच्याकडचं तारण करार अधिनियमाच्या कलम 140 आणि 141 प्रमाणे तुमच्याकडे येतं, आणि कलम 145 खाली भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करता येते. रोख भरून कर्जदाराच्या नावाची पावती घेतली, तर पैसे तुमचे होते हे सिद्ध करणं फार अवघड जातं.