खजिनदाराची किल्ली: तिसरा आठवडा

मंडळी, इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गणेश मंडळासाठी खर्चमंजुरीचं जे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम) लिहितोय, ते या आठवड्यात बरंच पुढे सरकलं. अजून सेपोलिया टेस्टनेटवरच (इथेरियमच्या सरावाच्या नेटवर्कवर) आहे, वर्गणीचा एक रुपयाही त्यात नाही.

परवानग्यांसाठी आधी ओनेबल हा तयार कोड वापरला होता: मालक एकच. मंडळात तसं चालत नाही. वर्गणी खजिनदार नोंदवतो, खर्चाला कार्यवाह मंजुरी देतात, शिवाय माणसं बदलत राहतात. म्हणून ओपनझेपलिन या तयार कोडच्या संग्रहातलं, भूमिकेनुसार परवानगी देणारं अ‍ॅक्सेसकंट्रोल घेतलं. भूमिकेच्या नावाचा केकॅक-२५६ हॅश (नावावरून गणिताने निघणारा ठरावीक लांबीचा ठसा) काढायचा आणि फंक्शनवर ओन्लीरोल लावायचं, म्हणजे ते त्या भूमिकेच्या पत्त्यालाच चालवता येतं. हे अर्ध्या तासात झालं.

अडलं ते पुढेच. फाउंड्री या कोड तपासायच्या साधनात टेस्ट लिहिली: नव्या खजिनदाराला ग्रँटरोल (भूमिका देणारं फंक्शन), मग जुन्याच्या पत्त्यावरून नोंद. ती रिव्हर्ट व्हायला (नाकारली जायला) हवी होती. झाली नाही, मुकाट्याने पार पडली! ग्रँटरोल भर घालतं, बदली करत नाही. त्यातून साध्या अ‍ॅक्सेसकंट्रोलमध्ये भूमिका कोणाकोणाकडे आहे याची यादीच नसते. अमक्या पत्त्याकडे आहे का, एवढंच विचारता येतं; बाकी जुने इव्हेंट (कॉन्ट्रॅक्टने केलेल्या नोंदी) चाळत बसायचं. म्हणून अशी यादी ठेवणारा एन्युमरेबल प्रकार घेतला. गॅस (व्यवहाराचं शुल्क) जास्त जातो, पण बैठकीत काकांनी "सध्या किल्ल्या कोणाकडे?" विचारलं की तिथल्या तिथे दाखवता येतं. खजिनदार बदलायला आता एकच फंक्शन आहे: जुन्याची भूमिका काढणं आणि नव्याला देणं एकाच व्यवहारात.

अ‍ॅडमिनचा धडा महागात पडला असता. डिफॉल्ट अ‍ॅडमिन रोल, म्हणजे इतर भूमिका देण्या-काढण्याचा अधिकार, स्वतःच स्वतःचा अ‍ॅडमिन असतो. नव्या पत्त्याला तो देण्याआधीच मी रिनाउन्सरोल (आपली भूमिका सोडणारं फंक्शन) चालवलं. त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आता कुणालाच भूमिका देता येणार नाही. नवं कॉन्ट्रॅक्ट डिप्लॉय केलं (नेटवर्कवर चढवलं), त्यात डिफॉल्टअ‍ॅडमिनरूल्स जोडलं: एकाने हस्तांतर सुरू करायचं, मी ठेवलेले ३ दिवस थांबायचं, मग दुसऱ्याने स्वीकारायचं. एन्युमरेबलशी ते जुळवताना काही फंक्शनं ओव्हरराइड करावी (आपल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नव्याने लिहावी) लागतात, तेवढं लक्षात ठेवा.

नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी या इथेरियम वॉलेटच्या लायब्ररीत (अनेक वॉलेट ज्यावर चालत होती त्या सामाईक कोडमध्ये) मालक ठरवणारं फंक्शन कुणालाही चालवता येत होतं. एकाने मालकी घेऊन लायब्ररीच नष्ट केली आणि ५ लाखांहून जास्त इथर (इथेरियमचं चलन) अडकून पडले. ते वाचल्यापासून प्रत्येक फंक्शनसमोर "हे कोण चालवू शकतं?" असं वहीत लिहितो, मगच कोड.

पुढच्या आठवड्यात अ‍ॅडमिनच्या जागी तीनपैकी दोन सह्यांचं मल्टिसिग (अनेकांच्या सह्यांनी चालणारं वॉलेट) बसवतोय. माझं आणि काकांचं वॉलेट तयार आहे. तिसरी सही कोणाची, ते रविवारच्या बैठकीत ठरेल.