बुकमार्क ‘पेंडिंग’: माझा अनुभव

आपली वेबसाईट गुगलच्या शोधात वर यावी म्हणून सोशल बुकमार्किंग, म्हणजे लिंक जमवून सगळ्यांना दाखवणाऱ्या साईट्सवर आपली लिंक टाकणं, करणार असाल तर आधी एक करा. ज्या साईटवर लिंक टाकायची आहे, तिथलं कुणाचंही जुनं बुकमार्क कॉम्प्युटरवर उघडा आणि कंट्रोल-यू दाबा. पानाचा कोड दिसेल. त्यात ‘नोइंडेक्स’ (noindex), म्हणजे हे पान शोधात दाखवू नका अशी सूचना, सापडलं तर तिथूनच मागे फिरा. हे मला उशिरा कळलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळ्यात आधी सांगतेय.

आमचं नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान आहे. सिंहस्थ तोंडावर आलेला, बाहेरगावची माणसं गडू, समया, घंगाळं आता मोबाईलवर शोधणार, म्हणून वेबसाईट केली. ती झाली पटकन. पण गुगलवर ‘नाशिक तांब्याचा बंब’ टाकलं तरी आमचा पत्ता नाही. मग ओळखीतल्या एकाने व्हॉट्सअॅपवर बुकमार्किंग साईट्सची एक लांबलचक यादी पाठवली. यादीत पहिलं नाव डिलिशस! २००३ साली सुरू झालेली, २००५ मध्ये याहूने घेतलेली, या प्रकारातली सगळ्यात गाजलेली साईट. पण तिचा कारभार कधीच आटोपलाय. पुढे स्टंबलअपॉन, ते २०१८ मध्ये बंद झालं. यादी करणाऱ्याने त्यातली एक तरी लिंक उघडून बघितली होती का, देव जाणे. डिगो, पिंटरेस्ट वगैरेंवर खाती उघडून झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

घोडं अडलं ते एकाच साईटवर. नाव घेत नाही. यादीत तिच्यापुढे ‘हाय अथॉरिटी’, म्हणजे गुगलकडे वजन असलेली, असं ठळक लिहिलेलं. खातं उघडायला गेले तर कॅप्चा: बस असलेल्या चौकटी निवडा. आता बसचं अर्धं चाक शेजारच्या चौकटीत गेलंय, ती धरायची की सोडायची? त्यातून सुटले तर कन्फर्मेशनचा मेल येईना. तो स्पॅममध्ये जाऊन बसलेला. शेवटी बंबाच्या पानाची लिंक टाकली, खाली चार ओळी लिहिल्या, आणि पिवळी पट्टी आली: ‘पेंडिंग’.

ती पट्टी हलेचना. सकाळी शटर वर केलं की देवाला उदबत्ती, आणि लगेच मी मोबाईल उघडणार. आमचे सासरे गल्ल्यावरून विचारायचे, “पास झालं का गं तुझं?”

“नाही अण्णा, पेंडिंग.”

“कोण करतं पास?”

“ते कळत नाही.”

“मग फोन लाव की!”

फोन नंबर असता तर काय हवं होतं. एक फॉर्म होता. तो भरला की ‘आपला संदेश मिळाला’ असं उत्तर त्याच मिनिटाला यायचं आणि पुढे सगळं शांत. मग एक दिवस निकाल लागला: नामंजूर. कारण एका शब्दात, ‘गुणवत्ता’. कुणाची? बंबाची?

मी पण हट्टाला पेटले. अण्णांना समोर बसवलं आणि कल्हईवर एक पान लिहून काढलं. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्याने झरझर पसरवायचं. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात आमटी-कढी का करू नये, तेही लिहिलं. फोटो आमचेच. ही लिंक मंजूर झाली! अण्णांनी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा सांगितलं.

पण सर्च कन्सोलच्या (आपली साईट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच फुकट साधन) लिंक्समध्ये ती काही येईना. म्हणून पानाचा कोड उघडला. लिंकला नोफॉलो, म्हणजे ही लिंक आमची शिफारस धरू नका असं गुगलला सांगणारा टॅग. तेवढ्यावर माझं भांडण नाही. हा टॅग २००५ पासून आहे आणि २०१९ पासून गुगल त्याला हुकूम न मानता नुसता इशारा मानतं. पण वर अख्ख्या पानालाच नोइंडेक्स. म्हणजे हे पान सर्चमध्ये दाखवू नका, असं ती साईट स्वतःच गुगलला सांगतेय. बंद गोदामात आतल्या भिंतीवर दुकानाची पाटी लावायची, आणि त्या पाटीसाठी एवढी परीक्षा!

शेकडो बुकमार्क करून देतो म्हणणाऱ्यांना तर पैसे अजिबात देऊ नका. गुगलच्या स्पॅमच्या नियमांत हलक्या दर्जाच्या डिरेक्टरी आणि बुकमार्क साईटवरच्या लिंक्सचा नाव घेऊन उल्लेख आहे. २०१२ मध्ये गुगलने शोधाच्या पद्धतीत ‘पेंग्विन’ नावाचा बदल (अपडेट) आणला तोच असल्या लिंक्सना पकडायला.

त्यापेक्षा नवीन पान केलं की सर्च कन्सोलमध्ये त्याचा पत्ता टाका आणि ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबा. कल्हईच्या पानाचं मी तेच केलं. पिंटरेस्टवर फोटो टाकले, प्रत्येकाखाली काय चाललंय ते लिहिलं. तिथून माणसं खरंच येतात. बंब अजून मागेच आहे, पण ‘पितळी भांड्याला कल्हई’ शोधलं की आम्ही दिसतो. पुण्याहून एका बाईंचा फोन आला, पातेली कुरिअरने पाठवली तर कल्हई करून द्याल का म्हणून. अण्णा हो म्हणून मोकळे झाले, कुरिअरचा हिशोब माझ्या गळ्यात.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: खातं उघडताना दुकानाचा ईमेल देऊ नका, वेगळा काढा. मी दुकानाचाच दिला, तर आता रोज मेल येतात, ‘तुमची साईट पहिल्या पानावर आणतो’. तेही स्पॅममध्ये जात नाहीत.