ठशांच्या दुकानातून आहत नाण्यांकडे: आमची वाटचाल

इंदूरला राजवाड्याकडून सराफ्यात जाणाऱ्या गल्लीत बाबांचं दुकान होतं. एक माणूस आत बसला की गिऱ्हाईक पायरीवर. रबरी शिक्के, पितळी मोहरा, सराफांना लागणारे पोलादी ठसे, आणि लग्नसराईत भांड्यांवर नावं घालणं. ‘मामाकडून सप्रेम भेट’ ही अक्षरं मी शाळेत असतानाच छोट्या छिन्नीनं टिंबाटिंबांनी उमटवायला शिकले. आजही तांब्या हातात आला की आधी नजर नावावर जाते.

नाण्यांचं काम आमच्याकडे चालत आलं. रामबागेतले एक निवृत्त शिक्षक शाळेचे शिक्के बाबांकडूनच करून घ्यायचे. एकदा त्यांनी रुमालातून चांदीचा चौकोनी, वेडावाकडा तुकडा काढला. म्हणाले, “पुस्तकं पुष्कळ वाचली. तू ठसे कापतेस, म्हणून विचारतो. हे कसं केलं असेल?”

मी भिंग लावलं. पाच खुणा, पाच वेगळे ठसे, प्रत्येकाची खोली निराळी. एका ठशाची कड दुसऱ्यावर चढली होती, म्हणजे तो नंतर मारलेला. दोन खुणा तर नाण्याच्या कडेबाहेर निसटल्या होत्या. चांदी पिटून पत्रा करायचा, पट्ट्या कापायच्या, तुकडे तोलायचे, जड भरला तर कोपरा छाटायचा आणि मग एकेक ठसा ठोकायचा. तोल ३२ गुंजांचा, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम. हा मगध-मौर्य काळातला कार्षापण. सरांनी त्याच दिवशी पाणिनीचं सूत्र सांगितलं, ‘रूपादाहतप्रशंसयोर्यप्’. रूप म्हणजे उमटवलेली आकृती, आहत म्हणजे ठोकलेलं, आणि त्यातून ‘रूप्य’. आपला रुपया शेवटी आमच्याच हातोडीखालचा, हे कळल्यावर बाबा दिवसभर खूश होते.

सरांनी आणखी दोघांना सांगितलं, त्यांनी चौघांना. आज आम्ही संग्राहकांच्या नाण्यांची नोंदपत्रं करतो: वजन, माप, चारही बाजूंनी तिरपा उजेड टाकून काढलेले फोटो, आणि हातानं केलेलं रेखाटन. फोटोत झीज आणि ठसा सारखेच काळे दिसतात. रेखाटताना मात्र प्रत्येक रेघेला ठरवावं लागतं, ही ठशाची की ओरखड्याची. मजुरी नगावर आहे. नाण्याच्या किमतीशी आम्ही ती कधीच जोडली नाही.

खरेदी-विक्री करत नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि तो धंदा आम्हाला करायचाच नाही. एकदा एक जण मातीनं माखलेली नाणी घेऊन आला, शेतात सापडली म्हणाला. गुप्तधनाचा कायदा १८७८ पासून आहे, आधी कलेक्टर कचेरीत कळवा, असं सांगितलं. तो चिडून गेला. नाण्यांना आम्ही हातही लावला नव्हता.

सुरुवातीच्या नोंदपत्रात ‘चिन्हाचा अर्थ’ असा एक रकाना होता, आणि तो मी मोठ्या हौसेनं भरायची. सूर्य म्हणजे तेज, कमानींचा डोंगर म्हणजे मेरू, कठड्यातलं झाड म्हणजे बोधिवृक्ष. सरांनी एक नोंदपत्र वाचून विचारलं, “हे नाण्यावर कुठे लिहिलंय?” राग आला. पण ते बरोबर होते. या नाण्यांवर अक्षर नाही, राजाचं नाव नाही. त्याच डोंगराला कुणी स्तूप म्हणतं, कुणी चैत्य. झाडाची पूजा तर सगळेच करत. आपल्या मल्हारनगरच्या, म्हणजे इंदूरच्या, टाकसाळीतल्या होळकरी रुपयांवरही सूर्यमुख आहे, म्हणून ते कार्षापणावरच्या सूर्याचं नातलग ठरत नाही.

तीन कमानी आणि वर चंद्रकोर या खुणेचं लॉकेट करून द्या, चंद्रगुप्त मौर्याची राजमुद्रा म्हणून, अशी मागणी अजून येते. इतिहासकार काशीप्रसाद जायस्वालांनी ती खूण चंद्रगुप्ताशी जोडली होती. उत्तर प्रदेशातल्या सोहगौऱ्याच्या प्राचीन ताम्रपटावरही ती आहे, आणि त्या पटात कोठारांचा विषय आहे. त्यामुळे राज्यकारभाराशी तिचा संबंध असावा, हे मला पटतं. ‘राजमुद्रा’ हा शब्द मात्र मी लिहून देत नाही.

मग वाचायचं कसं? जोडीनं, गटानं. सूर्य आणि षडरचक्र, म्हणजे सहा आऱ्यांचं चक्र, बहुतेक नाण्यांवर असतात. बाकीच्या तीन खुणा बदलत जातात, आणि पाचांचा गट जुळला की नाण्याची जात कळते. नाण्याच्या पाठीवरच्या, म्हणजे मागच्या बाजूच्या, बारीक खुणा वेगळ्या. तक्षशिलेला भीर टेकडीवर १९२४ मध्ये सापडलेल्या साठ्यात अलेक्झांडरची दोन नाणी होती, त्यावरून साठ्याच्या काळाचा अंदाज येतो. त्या साठ्यातली आहत नाणी दामोदर कोसंबींनी एकेक तोलली आणि दाखवलं की पाठीवर खुणा जितक्या जास्त, तितकं वजन सरासरीनं कमी. म्हणजे नाणं हातोहात फिरत होतं आणि पारखणारे त्यावर खूण करत होते. सराफ्यात वाढलेल्या मला हे वाचताना घरचीच गोष्ट वाटली. बौद्ध ग्रंथांचा जुना भाष्यकार बुद्धघोष, त्यानं लिहिलंय की पोराला नाण्याचा आकार दिसतो, खेडुताला ते चालतं एवढं कळतं, आणि सराफाला ते कोणत्या गावी, कुणी घडवलं हेही कळतं. त्या सराफाला जे दिसायचं ते मला पाहायचंय.

एक चूक सांगायलाच हवी. डोंगरावरचा प्राणी मी ससा म्हणून काढला, कान लांब वाटले म्हणून. त्याच ठशाची तीन नाणी पुढे आली तेव्हा वर वळलेली शेपूट दिसली, कुत्रा होता. तोवर सहा नोंदपत्रं गेली होती. सगळ्यांना कळवलं, नवी पत्रं पाठवली, पैसे परत केले. एका संग्राहकानं पुन्हा काम दिलं नाही, आणि मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही.

त्यानंतर ‘अर्थ’चा रकाना काढून तिथे ‘किती नाण्यांवरून’ असा घातला. ठसा नाण्याबाहेर गेला असेल तर तेवढा भाग टिंबांनी दाखवतो, भांड्यावरच्या नावासारखा. रेखाटनं आता भाची करते. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. तिच्याकडे एक हत्ती वर्षभर अर्धाच पडून होता. परवा भोपाळहून आलेल्या नाण्यावर त्याच ठशाची सोंड मिळाली, आणि तिनं तेवढी टिंबं खोडून शाईची रेघ ओढली. मागचे पाय अजून टिंबांतच आहेत.