आधी फुलं, मग रंग

बहिणीच्या लग्नाची तयारी चालू आहे आणि मला मनापासून वाटतं की सुरुवात फुलांपासूनच करावी, कारण कापड हव्या त्या रंगात मिळतं पण फुलांचं तसं नाही ना, निळा गुलाब निसर्गात नसतोच आणि गुच्छांनी फुलणारा निळा हायड्रेंजिया कितीही आवडला तरी पाण्याबाहेर पटकन मान टाकतो. गुलाबाच्या कळ्या २ दिवस आधी आणून देठ तिरके कापून पाण्यात ठेवल्या की वेळेवर छान उमलतात. हो, आणि रंग हॉलच्या लाइटखालीच बघा, पिवळ्या उजेडात निळा, जांभळा अगदी मळकट दिसतो. म्युझिक मात्र तिनेच निवडलंय, एंट्रीला फक्त बासरी, तिच्या चालीच्या लयीत, प्रॅक्टिसला ऐकलं आणि माझे डोळेच भरून आले. जेवताना आवाज कमी ठेवणार, आजीला गप्पा मारता आल्या पाहिजेत.